न दमणारी बॅटरी

कितीही दिवे लावा, कितीही पंखे फिरवा, तरी जी तसूभरही दमत नाही अशी बॅटरी तुम्ही कधी डोळ्यांनी बघितली आहे का? खरं सांगा. नसेलच बघितली. मेरेवालेसीनं बघितली होती. कांदावू बेटावरच्या वुनिलांगी गावात, शाळेमागच्या टेकडीवर, उसन्या लॅपटॉपच्या पडद्यावर होती ती. दोन समांतर रेघा, एक लांब, एक आखूड. फुकट मिळाली होती. त्या फुकटच्या दोन रेघांपायी गावाची होडी प्रवाळावर आपटली, आणि ज्यांनी त्या वाटल्या ते आजही छाती काढून सांगतात की आम्ही बेटांवर ज्ञान नेलं.

त्यांची गोष्ट ते सांगतील, त्यांच्याकडे माणसं आहेत पगारावर ठेवलेली. ही मेरेवालेसीची आहे.

मेरेवालेसी तापट. ऐन तरुणपणी ती राजधानीत, सुवात, एका दुकानात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायची. शिकली कुठं? कुठंच नाही. झाडू मारता मारता बघितलं, मग मालक जेवायला गेला की उघडून बघितलं. एक दिवस मालक तिच्यासमोरच गिऱ्हाइकाला म्हणाला, "हा सेट कमी भावात देतो, बाईनं उघडलाय." मेरेवालेसीनं हातातली तापलेली सोल्डरगन मालकाच्या चहाच्या कपात बुडवली, पिशवी उचलली आणि धक्क्यावर जाऊन बोटीत बसली. गावात आल्यावर तिनं कुणाचा टॉर्च, कुणाचा रेडिओ, कुणाच्या होडीची वायरिंग असं काम धरलं. मोबदला म्हणून मासा यायचा, कसावा यायचा, कधी नुसतंच "विनाका", म्हणजे आभार, यायचं. कामात खोट काढली तर ती वस्तू तशीच उघडी परत मिळायची, स्क्रू वेगळे, कागदात बांधून.

गावासमोर समुद्रात प्रवाळाची भिंत आहे आणि भिंतीला एकच फट. पूर्वी टेकडीवर सरकारी दिवा होता. होडीचं नाक दिव्यावर धरायचं, डावीउजवीकडे बघायचं नाही, की होडी बरोबर फटीतून आत. वादळात दिवा उडाला, खांब तेवढा राहिला. तेव्हापासून उजेड असेतो घरी यायचं, नाहीतर भिंतीबाहेर नांगर टाकून सकाळपर्यंत डुलत बसायचं. बेटावरच्या मोठ्या गावातून, वुनीसेआच्या दवाखान्यातून परतणारी माणसं तशीच डुलत बसायची. एका बाईचं बाळंतपण तिथंच झालं, कामिनिएलीच्या होडीत, माशांच्या टोपल्यांमध्ये.

कामिनिएली म्हणजे मेरेवालेसीचा आतेभाऊ. आते-मामेभावंडं तिकडं एकमेकांचे तवाले. तवाल्यांनी एकमेकांची टिंगल करायचीच, राग मात्र धरायचा नाही.

"तवाले," तो म्हणायचा, "तू सुवाला जाऊन साहेबांशी भांडतेस म्हणून दिवा येत नाही. गप्प बसलीस तर दोन देतील."

"तू गप्प बसलास तर मासे तरी येतील जाळ्यात. तुझी बडबड ऐकून पळतात बिचारे."

"मासे माझ्याकडे येतात तवाले, पळतात ते नवरे. तुझ्याकडून."

आजूबाजूच्या बायका हसून लोळायच्या. मेरेवालेसीही हसायची. पण दिव्याचं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. सुवातल्या सरकारी कचेरीत ती इतक्यांदा गेली की शिपाई तिला बघून दुसऱ्या दारानं आत जायचा. "पुढच्या वर्षी." "निधी आला की." शेवटी एक साहेब वैतागून म्हणाला, "बाई, तुम्हीच बनवा ना मग." म्हणाला चिडवायला. तिनं ते शब्दशः घेतलं.

त्याच सुमाराला एक परदेशी संस्था शाळेत आली. लॅपटॉप आणले, टोप्या वाटल्या, आणि ब्रॅडली नावाचा ब्रिस्बेनचा एक उंच माणूस इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला उभा राहिला. पडद्यावर तारा ओढायच्या, बॅटरी ठेवायची, दिवा ठेवायचा आणि बटण दाबायचं, की सर्किट चालू. सुटे भाग नकोत, सोल्डर नको, खर्च नको.

"पूर्णपणे फुकट!" ब्रॅडली दोन्ही हात पसरून म्हणाला. "आता कुणाला काही विचारायची गरज नाही. पडद्यावर चाललं की समजा चाललंच!"

हे वाक्य लक्षात ठेवणारी माणसं वुनिलांगीत बरीच आहेत. ब्रॅडलीला ते आठवत नाही.

मेरेवालेसीनं पहिल्याच तासाला अंधार पडताच लागणारा दिवा जुळवून दाखवला. ब्रॅडलीनं टाळ्या वाजवल्या. नुसत्या नाही, वर म्हणाला, "शाब्बास आंटी! आता सगळे आंटीसाठी टाळ्या!"

"मी तुझी आंटी कधी झाले?" मेरेवालेसी म्हणाली. "तुझ्या बापाचं लग्न मी लावलं होतं?"

ती उठून गेली ती वर्गात परत आली नाही. मात्र संस्थेची बोट गेल्यावर मुख्याध्यापकांकडून एक लॅपटॉप मागून घेतला आणि टेकडीवर, जिथं नेटवर्कच्या दोन दांड्या यायच्या तिथं, जाऊन बसली.

खोटं कशाला बोला, तिला ते सॉफ्टवेअर आवडलं. सुवात एक ट्रान्झिस्टर जळाला तर मालक आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. इथं हजार जाळा. वास नाही, चटका नाही, मागं घ्यायचं बटण दाबलं की जळालेला भाग पुन्हा कुमारिका. तारेतून वीज वाहताना पिवळे ठिपके पळताना दिसायचे, कुठं विजेचा किती दाब आहे ते तारेच्या रंगावरून कळायचं, घटकेची गोष्ट ताणून मुंगीच्या चालीनं बघता यायची. रिले म्हणजे विजेनं चालणारा स्विच; त्याच्या कॉइलला उलटा डायोड का लावतात हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. सुवाचा मालक नुसतं "लाव म्हटलं ना" म्हणायचा. पडद्यावर डायोड काढून बघितला, दाबाची रेघ एकदम आकाशात गेली, आणि तिला कळलं. त्या दुपारी ती एकटीच टेकडीवर हसत बसली होती.

अडचणीही होत्या. नेट गेलं की सगळं गोठायचं. ठरावीक भागांपुढं एक भाग जास्त ठेवला तर पाटी यायची की पुढचं काम पैसे भरलेल्यांसाठी. एका वेळी काही सेकंदच चालवता यायचं, अख्खी रात्र नाही. तापमानाचा आकडा सत्तावीसवर गोठलेला, बदलायला गेलं की करडा. बॅटरीच्या चिन्हाशेजारी एक इवलंसं प्रश्नचिन्ह होतं. त्यावर बोट ठेवलं की माहिती उघडत असावी. मेरेवालेसीनं कधी ठेवलं नाही. प्रश्नचिन्हावर बोट ठेवायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं, आणि बॅटरी काय असते हे कुणा टोपीवाल्याकडून शिकायचं तिचं वय राहिलं नव्हतं.

दिवा झाला. खांबावर पांढराशुभ्र एलईडी, खाली पत्र्याच्या पेटीत ट्रकची जुनी पण धड बॅटरी, पेटीवर सोलर पाटी, आणि अंधार ओळखणारा तो तिचा रिले. पहिल्या संध्याकाळी रिले टक् करून लागला, दिवा पेटला, आणि कामिनिएली मुद्दाम उशीर करून, भिंतीबाहेर थांबून, काळोखात दिव्यावर नाक धरून आत आला. किनाऱ्यावर उतरून म्हणाला, "तवाले, दिवा बरा आहे. तुझ्यापेक्षा शांत आहे."

गावकारभाऱ्यानं यांगोनाचा, मुळं कुटून केलेल्या त्या मानाच्या पेयाचा, पहिला वाडगा तिला दिला. बाईमाणसाला पहिला वाडगा! जुनी माणसं भुवया उंचावून बघत राहिली.

आणि मग केरेकेरे सुरू झालं.

केरेकेरे म्हणजे "द्या ना." मागायचं, आणि ज्याच्याकडे मागितलं त्यानं द्यायचं. मीठ, छत्री, होडी, पोरगं सांभाळायला, अंगावरचा शर्टसुद्धा. 'नाही' हा शब्द तिथं तोंडात येतच नाही; नाही म्हणणारा माणूस म्हणजे माणसांतून उठलेला. पहिली आली तोरिका आत्या, कामिनिएलीची आई, मेरेवालेसीच्या बापाची थोरली बहीण.

"मेरे, तुझ्या त्या पेटीतनं माझा फोन थोडा भरून दे गं."

आत्याला नाही म्हणायचं? मेरेवालेसी टेकडीवर गेली, पडद्यावर बॅटरीला एक फोन जोडला. दिवा तसाच. दोन जोडले. तसाच. दहा जोडले. दिवा पापणी लवू देईना. ती दोन रेघांची बॅटरी मागेल त्याला देत होती, चेहरा न पाडता देत होती. गावात कुणाच्या घरी इतकं शुद्ध केरेकेरे नव्हतं.

मेरेवालेसीनं पेटीला एक सॉकेट काढला. दुसऱ्या दिवशी त्याला पट्टी लावली. फोन आले, टॉर्च आले, पाद्रीबुवांचा कर्णा आला. कुणी शंका काढली तर ती लॅपटॉप उघडून दाखवायची, "हे बघ, दहा लावलेत. हलला दिवा? हलला का सांग." संस्थेची माणसं पाहणीला आली तेव्हा हेच दाखवलं. त्यांनी फोटो काढला. हसरी मेरेवालेसी, पडद्यावर दहा फोन आणि एक दिवा. खाली लिहिलं, "बेटाची कधीही न थकणारी ऊर्जा." ब्रॅडली सोबत होता. पडदा त्याच्या नाकासमोर होता. तो फक्त म्हणाला, "वाव."

मग तो शनिवार आला. सुवात सेव्हन्स रग्बीची स्पर्धा, कांदावूचा संघ उपांत्य फेरीत, आणि गावच्या जनरेटरचं डिझेल संपत आलेलं. डिझेल आणायला कामिनिएलीच होडी घेऊन वुनीसेआला गेला होता; येताना शिक्षिकाबाई आणि बाजारहाट केलेल्या तीन बायका बरोबर येणार होत्या. अख्खं गाव टीव्हीसमोर बसलं आणि टीव्ही मेला.

तोरिका आत्या सगळ्यांच्या वतीनं उठली. "मेरे, तुझी पेटी."

"आत्या, टीव्ही मोठा असतो."

"दहा फोनांनी हलला नाही म्हणालीस ना? मग? पोरं खेळतायत तिकडं, आपण भिंतीकडं बघत बसायचं?"

मेरेवालेसीनं घाईघाईनं पडद्यावर टीव्हीएवढा भार जोडला. दिवा ढिम्म. तिच्या मनात कुठंतरी खुट्ट झालं होतं. ट्रकच्या बॅटऱ्या तिनं सुवात मरताना पाहिल्या होत्या, हातांनी उचलून फेकल्या होत्या. पण समोर आत्या होती, मागं गाव होतं, आणि पडदा सांगत होता की काही होत नाही. तिला हवं ते सांगणारा त्या घोळक्यात तो एकच होता. तिनं इन्व्हर्टर लावून वायर ओढून दिली.

उपांत्य सामना जिंकला. मग अंतिम. ढगाळ दिवस, सोलर पाटीला ऊन नाही, टीव्ही चालूच. अंतिमही जिंकला. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, पोरं रस्त्यावर धावली, आत्या नाचली. अंधारत होतं. वर टेकडीवर रिले टक् करून लागला. दिवा पेटला, बॅटरीचा दाब बसला, रिले सुटला, दिवा गेला. दाब जरा सावरला, रिले पुन्हा लागला. टक्. पुन्हा गेला. टक्. टक्. मग काहीच नाही.

कामिनिएलीनं दिवा बघितला होता. बघून होडीचं नाक त्यावर धरलं होतं. बरोबर फटीच्या तोंडात होता तेव्हा दिवा गेला.

गावानं इंजिनाचा आवाज ऐकला, मग नुसता लाटांचा. माणसं मशाली घेऊन, दुसरी वल्ह्याची होडी ओढत पाण्यात धावली. बायका प्रवाळाला धरून उभ्या होत्या, छातीभर पाण्यात, वाहून जाऊ नये म्हणून एकमेकींच्या झिंज्या धरून. शिक्षिकाबाई जोरजोरानं भजन म्हणत होत्या. सगळी माणसं परत आली. होडीचा तळ फाटला, गावाचं एकुलतं इंजिन समुद्रात गेलं, आणि कामिनिएलीचा पाय प्रवाळानं घोट्यापासून पोटरीपर्यंत उघडा केला. मशालीच्या उजेडात हाड दिसलं असं म्हणतात. मेरेवालेसीनं ते बघितलं, ती "म्हणतात" असं म्हणत नाही.

चूक झाली की तिकडं माफी तोंडानं मागत नाहीत. यांगोनाच्या मुळांची मोळी घेऊन दुखावलेल्याच्या दारात जायचं, चटईच्या कडेला डोकं खाली घालून बसायचं. समोरच्यानं मोळीला हात लावला की मिटलं. मेरेवालेसी मोळी घेऊन आत्याच्या दारात बसली. आत कामिनिएली पाय उशीवर ठेवून पडलेला.

आत्या मोळीला हात लावेना.

"तू मला नाही म्हणायला पाहिजे होतंस," ती म्हणाली.

मोळी घेऊन बसलेल्यानं डोकं वर करायचं नसतं. तिनं केलं. "तुला नाही म्हटलं असतं तर? या गावात मला पाणी पाजलं असतं कुणी?"

"मोळी घेऊन आलीस की भांडायला आलीस?"

"दोन्ही. मोळी माझ्या चुकीची. भांडण तुझ्या चुकीचं."

"माझी चूक? मी अडाणी बाई. तू पडद्यावर दाखवलंस."

"दाखवलं. आणि माझ्या मनात आलं होतं की हे खोटं आहे. तरी वायर ओढली. कारण तू उभी होतीस समोर, हात पुढं करून."

आतून कामिनिएली म्हणाला, "आई, मोळी घे. नाहीतर ही इथंच बसेल आणि मला रोज हिचं तोंड बघावं लागेल. पाय परवडला."

आत्यानं मोळीला हात लावला. बोलली मात्र नाही, पुढं बरेच दिवस.

मग कामिनिएली जे म्हणाला ते टिंगलीच्या सुरात नव्हतं, आणि म्हणूनच मेरेवालेसीला ते लागलं. "तवाले, दिवा नसता तर मी बाहेर थांबलो असतो. वर्षानुवर्षं थांबतोय. काळोख मला माहीत आहे, काळोख फसवत नाही. तू दिवा दाखवून काढून घेतलास. आता तू तो लाव नाहीतर पाड, पण अर्धा ठेवू नकोस."

कारभारी पाड म्हणाला. सुवाची कचेरी पाड म्हणाली, आणि एवढं सांगायला मात्र त्यांचा माणूस लगेच आला. वर्षानुवर्षं दिवा लावायला ज्यांना बोट मिळाली नव्हती त्यांना तो पाडायला मिळाली. "महिनाअखेर बघायला येऊ," तो म्हणाला. "तोवर भरवशाचा झाला तर ठीक, नाहीतर खांबासकट काढू."

ब्रॅडलीही आला. चेहरा लांब करून, हातात फळांची टोपली घेऊन. कामिनिएलीची चौकशी केली. मग मेरेवालेसीला बाजूला घेऊन म्हणाला, "खरं तर सॉफ्टवेअरमध्ये खरी बॅटरी आहे. वापरली की उतरत जाणारी. पण ती पैसे भरायच्या आवृत्तीत येते."

मेरेवालेसी म्हणाली, "म्हणजे दमणारी विकत, आणि न दमणारी फुकट?"

"तसं नाही म्हणता येणार. फुकटची आवृत्ती शिकण्यासाठी असते. आणि हे सगळं तिथं लिहिलेलं आहे. बॅटरीशेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारली की दिसतं."

तिच्या अंगातून आग गेली. त्यातली निम्मी त्याच्यावर होती, निम्मी स्वतःवर. "मारली नाही मी टिचकी," ती म्हणाली. "ती माझी चूक, आणि ती मी आत्याच्या चटईवर डोकं घालून फेडली. तू वर्गात उभा राहून म्हणालास, पडद्यावर चाललं म्हणजे चाललंच. तू माझा फोटो काढलास तेव्हा दहा फोन तुझ्या नाकासमोर होते. तू कुणाच्या चटईवर बसणार?"

"मी हे वरती कळवतो," ब्रॅडली म्हणाला.

वरती म्हणजे कुठं ते अजून कुणाला कळलेलं नाही. फोटो अजून त्यांच्या पानावर आहे.

राग आला म्हणून मेरेवालेसीनं लॅपटॉप समुद्रात फेकला असता तर गावाला बरं वाटलं असतं. ती पुन्हा टेकडीवर जाऊन बसली, आणि दात-ओठ खात त्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. चार ओळी निघाल्या. ही बॅटरी आदर्श आहे, हिचा दाब कधी उतरत नाही. चार ओळी! एवढं तोंडानं सांगायला त्या माणसाला किती वेळ लागला असता?

मग तिनं त्या फुकटच्या सॉफ्टवेअरला त्याच्याच हद्दीत पिळायला घेतलं. बॅटरी काढली, तिच्या जागी भलाथोरला कपॅसिटर भरून ठेवला, म्हणजे वापरलं की उतरेल. त्याच्यापुढं थोडा रोध टाकला, म्हणजे भार पडला की दाब बसेल. बटण दाबलं. पडद्यावरचा दिवा लागला, गेला, लागला, गेला. त्या संध्याकाळी जसा टक्-टक् झाला होता तसाच. ती कितीतरी वेळ ते बघत होती. रिले एकदा सुटला की दाब पुरेसा चढल्याशिवाय पुन्हा लागू नये, यासाठी काय करायचं ते तिला तिथंच सुचलं. रोग कसा होतो ते पडदा सांगत होता. आपली म्हातारी बॅटरी किती दमते, हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

ते तिनं ओसरीवर शोधलं. खरी बॅटरी, खरा दिवा, हातात मीटर, संध्याकाळ ते सकाळ. पेटी भर उन्हात ठेवून आत हात घातला तर चटका बसला. सत्तावीस कसलं घेऊन बसलात. बॅटरी सावलीत हलवली, पेटीला भोकं पाडली, आतून जाळी लावली. ढगाळ दिवसांची मालिका आली तरी दिवा किती तग धरेल ते बघितलं. धरत होता. पण फक्त दिवा. त्यावर एक फोनसुद्धा नाही.

त्याच महिन्यात एका शनिवारी पुन्हा सामना होता, आणि होडीवाचून डिझेल आलेलंच नव्हतं. सगळं गाव बघत असताना मेरेवालेसीनं पक्कड घेतली आणि पेटीचा सॉकेट मुळासकट कापला. कारभारी वर चढून आला.

"मेरे, इन्व्हर्टर सरळ बॅटरीला लागतो ना? मला सांगितलंय पोरांनी. फक्त शेवटचा सामना. गाव मागतंय."

"नाही."

कारभाऱ्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मी मागतोय."

"कळलं मला. नाही."

कारभारी खाली गेला. सामना कुणी बघितला नाही. त्या दिवसापासून मेरेवालेसीला यांगोनाला बोलावणं येईनासं झालं. चर्चमध्ये बायका चटई ओढून घ्यायच्या, जागा असली तरी. पोरंटोरं लांबून ओरडायची, "केरेकेरे, आजी, वीज द्या!" आणि पळायची. तोरिका आत्या येता-जाता पुटपुटायची, "उद्धट." मेरेवालेसी उलटं ओरडायची, वस्तू उघड्या परत करायची, आणि संध्याकाळी टेकडीवर जाऊन टक् ऐकून यायची. एक टक्. दुसरा नाही.

कचेरीचा माणूस महिनाअखेरीला आला, एक संध्याकाळ थांबला आणि गेला. खांब राहिला. पण तिला त्याचं काही नव्हतं. तिला वाट होती ती एकाच माणसाची.

कामिनिएली काठी टेकत चालू लागला. होडीचा तळ गावानं सांधला. इंजिन शेजारच्या गावाकडून आणलं, तेही केरेकेरे करूनच, आणि त्या गावानं हसून दिलं. पहिल्याच फेरीला तो उशिरा परतला. अंधार पडला, दिवा लागला, आणि इंजिनाचा आवाज भिंतीबाहेरच रेंगाळत राहिला. आत येईना. किनाऱ्यावर माणसं जमली. आत्या गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. मेरेवालेसी लांब, एकटी. दिवा जळत होता. बाहेर इंजिन नुसतं घुरघुरत होतं, खूप वेळ. मग आवाज चढला, फटीत शिरला, आणि होडी वाळूला लागली.

"इतका वेळ काय करत होतास?" मेरेवालेसी ओरडली.

"बघत होतो, फसवतोय की काय."

"मग?"

"मग भूक लागली, तवाले. तुझ्या दिव्यावर भरवसा नाही, पण पोटापुढं इलाज नाही."

कुणीतरी हसलं. आत्या हसली नाही. लेकाचा हात धरून ती घराकडे निघाली, आणि मेरेवालेसीच्या जवळून जाताना थांबून एवढंच म्हणाली, "कसावा उकडलाय. ये." मेरेवालेसी गेली. कारभारी मात्र अजून बोलत नाही, आणि चर्चमधल्या चटया अजून ओढल्या जातात.

तुम्ही कधी वुनिलांगीला गेलात तर खुशाल मागा. जेवण मागा, झोपायला जागा मागा, होडी मागा, अंगातला शर्ट मागा, मिळेल. फक्त टेकडीवरच्या त्या पेटीकडे बोट दाखवून "थोडासा फोन भरून घेऊ का" असं तेवढं विचारू नका.